खाडा

आमच्या स्वयंपाकघरात, फोडणीचे शिंतोडे नेमके जिथवर उडतात तिथे, कालनिर्णय टांगलेलं आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं तेव्हा तिथी, वार, नक्षत्र आणि संकष्टीचा चंद्रोदय लोकांना घरबसल्या कळावा, एवढाच त्यांचा हेतू असणार. आमच्या घरी मात्र ते मस्टर आहे. दूधवाला आला नाही की त्या तारखेवर ‘दू’. पेपरवाल्याचा ‘पे’. आणि कामाच्या मावशी आल्या नाहीत की तारखेभोवती गोल. हा गोल किती जाड आणि पेन किती दाबून फिरवलेलं, यावरून त्या दिवशी घरात पाहुणे होते की नव्हते हे मी सहा महिन्यांनीही सांगू शकतो.

खाडा हा शब्द मला फार आवडतो. ‘रजा’ म्हटलं की अर्ज आला, ‘सुट्टी’ म्हटलं की आनंद आला, ‘दांडी’ म्हटलं की तिच्यात थोडी मर्दुमकी आली. खाड्यात यातलं काहीच नाही. खाडा म्हणजे जिथे माणूस असायला हवा होता तिथे पडलेला निव्वळ खड्डा. आणि तो सगळ्यांच्या वाट्याला येतही नाही. साहेब नसले की ते ‘दौऱ्यावर’ असतात, प्राध्यापक नसले की ‘चर्चासत्राला’ असतात, माझ्यासारखा कारकून ‘सी.एल.वर’ असतो. खाडा फक्त मावशींचा होतो. शिवाय कारकुनाची सी.एल. पगारी आणि मावशींचा खाडा बिनपगारी, हा तपशील वाचकांच्या लक्षात आलाच असेल.

तरीही मावशी बोनसच्या बाबतीत सुदैवी. दिवाळीला सौ. त्यांना एक महिन्याचा पगार जास्तीचा देते. बाराला एक. म्हणजे टक्केवारीत ८.३३. १९६५ च्या बोनस कायद्यात किमान बोनस आधी ४ टक्के होता, पुढे बरीच भांडणं, संप आणि मोर्चे होऊन तो ८.३३ टक्क्यांवर आला. सौ. मराठीची पदवीधर आहे. तिनं हा आकडा कुणाशीही न भांडता गाठला, याचं मला बी.कॉम. म्हणून कौतुक वाटतं आणि थोडं वाईटही वाटतं.

एवढ्या भांडवलावर मी एका शाळेचा खजिनदार झालो.

झालो म्हणजे केला गेलो. आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर एक शाळा आहे. तिची संस्था लहान, अध्यक्ष कापडाचे व्यापारी, बाकीचे सभासद निवृत्त. ‘बँकेतला माणूस आहे, हिशेब चोख ठेवील’ असं कुणीतरी म्हणालं. बँकेतला माणूस दुसऱ्याचे हिशेब चोख ठेवतो हे खरं, पण ते पगार मिळतो म्हणून. इथे काम मानद. मानद म्हणजे ज्यात मान देत नाहीत आणि दामही देत नाहीत ते. खजिनदार म्हणून माझ्या ताब्यात दोन वस्तू आल्या, एक चेकबुक आणि शाळेच्या फाटकाची दुसरी किल्ली. या दुसऱ्या किल्लीला पुढे महत्त्व आहे.

२०२३ च्या जूनमध्ये अध्यक्षांनी सभेत विषय काढला की शिक्षकांचे खाडे फार होतात. (हा शब्द शिक्षकांसाठी वापरलेला ऐकून मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून पुसला.) कारणं काय, म्हणाल तर आमच्या शहराची. आता हे छत्रपती संभाजीनगर झालं असलं तरी नळाचं पाणी अजून जुन्या औरंगाबादचंच होतं. त्या वर्षी आमच्या भागात ते आठवड्यातून एकदा यायचं आणि कधी येईल ते महापालिकेलाही सांगता येत नसे. मलिक अंबरानं चारशे वर्षांपूर्वी नहरी बांधून गावाला पाणी पुरवलं, पण शाळांची वेळ त्यानं विचारात घेतली नसावी. ‘आज पाण्याचा दिवस आहे’ हे रजेचं कारण या शहरात नातेवाइकाच्या मृत्यूइतकंच सन्मान्य आहे, आणि त्यात सोय अशी की तोच नातेवाईक पुन्हा पुन्हा मारावा लागत नाही.

अध्यक्षांनी दुकानातला उपाय सुचवला. महिनाभर एकही खाडा नसेल त्याला पाचशे रुपये, शिक्षक असो, शिपाई असो. एक जरी खाडा झाला तर काही नाही. योजना कागदावर उतरवायचं काम खजिनदाराकडे आलं.

आता मी पडलो अभ्यासू. बँकेत काउंटरवर गर्दी नसते तेव्हा (असा पाऊण तास असतो, पण तो कुठला ते मी सांगणार नाही) मी या विषयाचं जमेल तेवढं वाचलं. पहिला धक्का असा की ज्या बोनस कायद्यानं गिरणी कामगारापासून बँक कारकुनापर्यंत सगळ्यांना पोटाशी धरलं, त्याच कायद्यानं विद्यापीठं आणि शिक्षणसंस्था स्पष्ट शब्दांत वगळल्या होत्या. म्हणजे सरकारनं आम्हाला बोनस दिला आणि शिक्षकांना गीतेवर सोडलं. फळाची अपेक्षा धरायची नाही, वर्ग घ्यायचा. पुढे १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा न्यायालयानंही सांगितलं की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नव्हे. त्याचं काम अंगमेहनतीचं नाही, तांत्रिक नाही, कारकुनीही नाही. ते एक उदात्त व्रत आहे. कारकुनी काम मात्र कायद्यात बसतं. हे वाचल्यापासून सौ.च्या मैत्रिणींमध्ये, ज्या बहुतेक शिक्षिका आहेत, मी ‘कायदेशीर कामगार’ म्हणून थोडा ताठ बसतो.

आता उदात्त व्रत म्हटलं की घरभाडं आणि किराणा यांचा उल्लेख करणं जरा अशिष्ट होतं. त्यामुळे शिक्षकाच्या हजेरीचा विषय निघाला की आपल्याकडे एकदम नीतीचा विषय निघतो. २०२२ च्या अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत विचारलं की शिक्षक नेमणुकीच्या गावी राहत नाहीत, मग घरभाडे भत्ता कसा घेतात? आमच्याच जिल्ह्यातला प्रश्न. शिक्षक रस्त्यावर आले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले आणि चहाच्या टपऱ्यांवर दोन तट पडले. मी कुठल्याच तटात गेलो नाही, कारण माझे वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक होते आणि ते खरोखरच गावात राहायचे. कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यात खोली घेऊन. शनिवारी संध्याकाळी शेवटच्या एस.टी.नं घरी यायचे, सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं परत. शाळेच्या मस्टरवर त्यांची हजेरी लखलखीत. आमच्या घरी मस्टर असतं तर दिवाळी आणि मे सोडून वर्षाचे बावन्न दिवस भरले असते. माझ्या मुंजीतही ते अर्धा दिवस होते, म्हणजे तिथेही लेटमार्क. पण घरी मस्टर नसतं, आणि आई कालनिर्णयावर वडिलांचा ‘व’ कधी लिहीत नसे.

असो. मी योजनेबद्दल सांगत होतो.

मास्तर वर्गात असतो की नाही हे बघायला २००३ साली संशोधकांनी देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना न सांगता भेटी दिल्या होत्या. दर चार शिक्षकांतला एक शाळेत नव्हता. महाराष्ट्रात प्रमाण सगळ्यात कमी निघालं, सातात एक. (ही बातमी मी सभेत वाचून दाखवली, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “मग तो सातवा आपल्याच शाळेत कसा?”) गंमत पुढे आहे. देशभर प्रत्यक्ष शिकवताना सापडले ते नेमलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास. बाकीचे शाळेत होते, पण वर्गात त्यांचा नुसता देह होता किंवा तोही नव्हता. बँकेतला माणूस या आकड्याला हसत नाही.

मग राजस्थानात उदयपूरकडे ‘सेवा मंदिर’ संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत एक प्रयोग झाला. शिक्षकाला कॅमेरा दिला. सकाळी शाळा भरताना मुलांसकट एक फोटो, सुटताना एक, तारीख आणि वेळ फोटोवर छापून येणार. आणि पगार त्या फोटोंवर. महिन्याला ठरावीक किमान रक्कम, दहा दिवसांच्या वर जितके दिवस भराल तितके दर दिवसाला पन्नास रुपये जास्त. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून निम्म्यावर, २१ वर आली, आणि मुलं परीक्षेत थोडी पुढेही गेली. हा अभ्यास करणाऱ्यांत एस्थर डुफ्लो होत्या. २०१९ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, त्यांचे यजमान अभिजित विनायक बॅनर्जी यांच्यासह. अभिजितरावांच्या मातोश्री माहेरच्या पाटणकर. तेव्हा ते नोबेल एक तृतीयांश बॅनर्जींचं धरलं तर एक षष्ठांश आपलंच आहे. हा हिशेब मी कॉमर्सच्या जिवावर करतो, चूक निघाल्यास कळवावं.

आपल्या राज्यातही फोटोचा खेळ झाला. शिक्षकांनी जानेवारी २०१७ पासून दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून पाठवावी असा आदेश निघाला. ओरड झाली आणि तो बारगळला. उदयपूरला फोटोमागे पन्नास रुपये होते, इथे फोटोमागे फक्त संशय होता.

आणि हजेरीला पैसे ही कल्पना आपल्याला नवीन तरी कुठे? १९९२ पासून महाराष्ट्रात पहिली ते चौथीतल्या गरीब घरच्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना शाळेत येण्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता ठरला. वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. मुलगी शाळेत गेली म्हणजे धाकट्याला सांभाळायला घरी कुणी नाही, तिचा हात कामाला नाही, त्याची ही भरपाई. कल्पना चांगली. पण पुढची तीस वर्षं तो रुपया रुपयाच राहिला. महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी वाढतो म्हणून पेढे वाटणारा आम्ही बँकवाल्यांचा वर्ग. त्या पोरींचा रुपया कधी वाढवावा असं आम्हा कुणाच्या मनात आलं नाही. त्यांची युनियन नव्हती.

एवढं वाचून मी सभेत सुचवलं की बक्षीस ‘सगळं किंवा काहीच नाही’ असं ठेवू नका, उदयपूरसारखं दिवसावर ठेवा. अध्यक्ष म्हणाले, “हिशेब कोण ठेवणार?” मी गप्प बसलो. तत्त्वासाठी माणूस किती वेळ भांडतो, याला हिशेब कुणी ठेवायचा यावर मर्यादा असते. पाचशे रुपये, पूर्ण महिना, ठराव मंजूर.

जुलैत योजनेनं आपला पहिला चमत्कार दाखवला. त्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे आले होते. तिसरीच्या एक बाई सोमवारी काळा चष्मा लावून वर्गात आल्या. मुलांना वाटलं, बाई सिनेमातल्यासारख्या दिसतात. बुधवारी वर्गातल्या अकरा मुलांचे डोळे आले, शुक्रवारी मुख्याध्यापिकाबाईंचे, आणि पुढच्या सोमवारी, पाकिटांत पाचशेच्या नोटा भरायला शाळेत गेलेल्या खजिनदाराचे. बाईंचा महिना पूर्ण भरला. माझा नाही. मी बँकेत तीन दिवस सिक लीव्ह टाकली. आम्हाला बँकेत २०२० च्या करारापासून एक इन्सेंटिव्ह मिळतो, पण तो बँकेच्या नफ्यावर. वाढ भरपूर झाली तर पंधरा दिवसांचा पगार. त्यात मी आलो किंवा न आलो हे कुठेच धरत नाहीत, हे त्या तीन दिवसांत पहिल्यांदा जाणवलं आणि जरा मनाला लागलं.

दुसरा चमत्कार मी सांगितलाच होता. ज्यांचा एक खाडा तीन-चार तारखेलाच झाला, त्यांना उरलेला महिना मोकळा. गेलेच पाचशे, तर आता भाचीचं डोहाळजेवणही करून घेऊ. सप्टेंबरात एकूण खाडे मेपेक्षा—नाही, मेमध्ये शाळाच नसते—मागच्या सप्टेंबरपेक्षा चारच कमी होते. पाच तारखेपर्यंत पाचशेचे उमेदवार पुण्यवान, सहा तारखेपासून दोन जाती. ज्यांचे शाबूत आहेत ते तापातही येणारे, आणि ज्यांचे गेले ते ठणठणीत असूनही न येणारे.

पण मला बोलायचंय ते शिपाईमामांबद्दल.

मामा सव्वीस वर्षं त्या शाळेत आहेत. सकाळी साडेसहाला फाटक उघडणं, वर्ग झाडून घेणं, पिण्याचं पाणी भरणं, आणि सात वीसला घंटा. मामांची घंटा सगळ्या वसाहतीला ठाऊक. आधी तीन संथ टोल, मग एक लांब सळसळ आणि शेवटी सावकाश एक, तो हवेत लोंबत राहायचा. त्यावर माणसं दाढी संपवायची. सव्वीस वर्षांत मामांचा खाडा नाही. त्यांच्या मस्टरची पानं काढून बघितली तर अक्षर बदलत गेलेलं दिसतं, शाई बदललेली दिसते, रिकामी चौकट दिसत नाही.

या माणसाला जूनचं पाकीट द्यायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, “कायचे?”

“हजेरीचे.”

“हजेरीचा पगार झाला ना.”

मी समजावलं की हे वरचे, न चुकता येण्याचे. मामांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. एखाद्याला त्याचीच छत्री भेट दिली तर तो बघेल तसं. मग खिशात ठेवलं. जून ते नोव्हेंबर अशी सहा पाकिटं त्यांनी घेतली. आणि डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी सात वाजता मुख्याध्यापिकाबाईंचा मला फोन आला, की फाटक बंद आहे, चारशे मुलं थंडीत रस्त्यावर उभी आहेत आणि दुसरी किल्ली आपल्याकडे आहे. मामांनी आदल्या दिवशी रीतसर रजेचा अर्ज दिला होता. बाईंनी तो न वाचताच पेपरवेटखाली ठेवला होता. मामांचा कागद म्हणजे फिनेलची मागणी, हा सव्वीस वर्षांचा अनुभव.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मामा बँकेत पासबुक भरायला आले. (छपाईचं यंत्र बंद होतं. ते माणसापेक्षा जास्त खाडे करतं आणि त्याला कुणी पाचशे रुपये देऊ करत नाही.) मी विचारलं, “मामा, काल?”

“रजा व्हती. अर्ज दिला व्हता.”

“बरं नव्हतं का?”

“मला काय झालंय.”

“मग गावाला?”

“घरीच व्हतो.”

“अहो, मग पाचशे गेले की!”

“गेले तं गेले,” मामा म्हणाले. “साहेब, आधी खाडा करायचा म्हणलं तं शाळाच बंद पडंल असं वाटायचं. तेवढं आपल्याला झेपणारं नव्हतं. आता पाचशेच जातेत. पाचशे एका दिवसाला परवडतेत की.”

इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांवर दोन अर्थतज्ज्ञांनी लिहिलेला, २००० साली छापून आलेला एक निबंध आहे. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे, म्हणून काही पाळणाघरांनी दहा शेकेल दंड लावला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आधी बाई खोळंबतात म्हणून लाज वाटायची, आता बाईंच्या खोळंब्याचा दर ठरला. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. लाज एकदा दरपत्रकावर चढली की उतरत नाही. हे सिद्ध करायला त्यांना दहा पाळणाघरं आणि वीस आठवडे लागले. मामांनी ते माझ्या काउंटरवर उभ्या उभ्या सांगितलं.

मला अकाउंट्समधला गुडविलचा नियम आठवला. कॉलेजात तो मला कधी पटला नव्हता. दुकानानं वर्षानुवर्षं स्वतःच्या वागणुकीनं जे नाव कमावलं, ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. तेच नाव दुसऱ्यानं पैसे मोजून विकत घेतलं तर मात्र दाखवता येतं. मामांची सव्वीस वर्षं कुठल्याच वहीत नव्हती. मी पाचशे रुपयांचं व्हाउचर केलं आणि ती वहीत आणली. आता त्यांचा घसाराही काढावा लागणार, हे बी.कॉम.च्या माणसाला तेव्हाच कळायला हवं होतं.

कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याच्या १७८५ सालच्या पुस्तकात एक दुकानदार आहे. तो लहान मुलालाही फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव लावतो. पण का? तर नाव टिकावं, गिऱ्हाईक यावं म्हणून. कांट म्हणतो, याचं वागणं बरोबर आहे, पण त्यात नीती शून्य, कारण त्यानं ते कर्तव्य म्हणून केलं नाही. आमच्या गुलमंडीवर हा विचार मांडला तर दुकानदार विचारतील, “माप बरोबर दिलं ना? मग काय पाहिजे?” आणि खरं सांगायचं तर मला दोघंही पटतात. सकाळी कांट, पगाराच्या दिवशी गुलमंडी. कांट स्वतः इतका वक्तशीर होता म्हणतात, की तो फिरायला निघाला की शेजारी घड्याळं लावायचे. म्हणजे तोही त्या गावचा शिपाईमामाच. त्याला कुणी पाचशे रुपये देऊन पाहायला हवे होते.

जानेवारीच्या सभेत मी ठराव मांडला की योजना बंद करावी. हैफा सांगितलं, कांट सांगितला, मामा सांगितले. मी चांगलं बोललो असं माझं मत आहे. तेव्हा शिक्षकांच्या प्रतिनिधी म्हणून बसलेल्या एक बाई उठल्या. विनाअनुदानित तुकडीवर आहेत, महिना नऊ हजार, तेही बारापैकी दहा महिने. जून ते डिसेंबर एकही खाडा नसलेल्या त्या एकट्याच.

“सर, मामांचं खरं आहे,” त्या म्हणाल्या. “पण मामा श्रेणीवर आहेत. तुम्हीही आहात. मला ते पाचशे बक्षीस नव्हतेच. माझं पेट्रोल त्यात निघायचं. तुम्ही म्हणताय बक्षीस बंद करा, मला ऐकू येतंय पगार कापा.”

सभा गप्प. त्या बसता बसता म्हणाल्या, “ऑक्टोबरात माझ्या मुलाला ताप होता. तीन दिवस शेजारच्या काकूंकडे ठेवून आले मी. तेव्हा पाचशेच डोळ्यापुढे होते. तो काय समजला असेल ते तुमच्या कुठल्या पुस्तकात आहे का, बघा.”

मला एस.टी.ची वेळ पाठ असलेली आमची आई आठवली. कांट आठवला नाही.

शेवटी ठराव असा झाला की विनाअनुदानित तुकड्यांवरच्या सगळ्यांच्या पगारात ते पाचशे कायमचे घालायचे, हजेरीची अट काढून, बाकीच्यांचे बंद. अध्यक्षांनी विचारलं, “मग अट नाही म्हटल्यावर येतीलच कशावरून?” याला माझ्यापाशी कागदावर लिहिण्याजोगं उत्तर नव्हतं. चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झालं. मार्चपर्यंत त्या बाईंचे दोन खाडे पडले. अध्यक्षांनी मस्टरवर बोट ठेवून ते मला दाखवले, आणि दुकानदार म्हणून त्यांचं बरोबरच होतं. त्या दोन दिवसांपैकी एक दिवस तो मुलगा पुन्हा आजारी होता, हे मला सौ.कडून कळलं. दुसरा दिवस पाण्याचा.

मामांचे पाचशे बंद झाले. त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. पुन्हा खाडाही केला नाही, निदान अजून तरी. पण आता मी सकाळी दाढी करताना सात वीस व्हायच्या आधी जरा कान देऊन थांबतो. पूर्वी थांबत नसे.

त्या दिवशी काउंटरवरचं एक बोलणं सांगायचं राहिलं. पासबुक लिहिता लिहिता मी विचारलं होतं, “मग मामा, दिवसभर घरी केलं काय?”

“कायी नाही. उशिरा उठायचं म्हणून निजून ऱ्हायलो,” मामा म्हणाले. “पण सात वीसला घंटा झाली न साहेब. ऐकू येती तिथवर. झोपच उडाली. कुनी दिली व्हती काल?”

“का हो?”

“लई वंगाळ दिली. शाळा भरली का सुटली, पोराह्यला कळलं नसंल.”

मी पासबुकावर शिक्का मारला, मामांच्या पुढे सरकवलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.